कुंडीतला चुका

अळू घेतला की भाजीवाली विचारते, ‘ताई, चुका देऊ?’ फदफद्यात चुका घातला की घसा खवखवत नाही, म्हणून आपण घेतो. एरवी त्याची आठवण कुणाला? मैत्रिणींनो, चुक्याची नुसती भाजीही फक्कड होते, आणि तो कुंडीत अगदी सहज येतो.

थंडीच्या तोंडाशी वीतभर खोल कुंडीत बी विरळ पेरा, वर मातीचा हलका थर द्या. चार-पाच तास ऊन आणि बेताचं पाणी पुरे. साधारण सव्वा महिन्यात पानं काढता येतात. बाहेरची पानं खुडायची, मधला कोंब ठेवायचा, पुन्हा फुटतो. गुलाबीसर, कागदासारखा तुरा आला की एखादं रोप बियांसाठी राखावं.

भाजीसाठी अर्धी वाटी हरभरा डाळ आणि मूठभर दाणे दोन-तीन तास भिजवून कुकरला शिजवून घ्या. जुडीभर चिरलेला चुका परतला की दोन मिनिटांत विरघळतो. रंग मळकट होतो, पण भाजी बिघडलेली नसते; आंबटपणामुळेच हिरवा रंग जातो. डाळ-दाणे, चमचाभर बेसन, मिरची, मीठ, गूळ घालून उकळी आणा. वरून लसणाची खमंग फोडणी. चिंच अजिबात नको! भांडं मात्र स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको.

याचं कारण चुक्यातलं ऑक्झॅलिक आम्ल. आमच्या ह्यांना मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी पालक आणि चुका बंद केला. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात म्हणे. आता आली का पंचाईत! कारण ऐंशी पार केलेल्या सासूबाईंच्या तोंडाला चव नसते. चुका असला तरच त्या अर्धी भाकरी जास्त खातात. पानं उकळून पाणी फेकावं, तर आम्लाबरोबर चवही जाते.

मग मी कुंडी ठेवली, पद्धत बदलली. चुका आठवड्यातून एकदा, आणि सोबत दही किंवा ताक. दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून ठेवतं, त्यामुळे ते रक्तात कमी जातं. ह्यांच्या ताटात त्या दिवशी मेथी असते. दोन भाज्या कराव्या लागतात खऱ्या, पण कुणी उपाशी उठत नाही. तुमच्याकडे कुणाला खड्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल, तर या थंडीत एक कुंडी चुक्यासाठी रिकामी करा.