धाड पडल्यानंतर

फेब्रुवारी १९९६. वर्तमानपत्रातल्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांनी कामाठीपुऱ्यातल्या कुंटणखान्यांतून चारशेहून अधिक मुली-बायका सोडवून आणल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. पण एवढ्या जणींना ठेवायचं कुठे, याची तयारी शासनाकडे नव्हती. नेपाळ सरकारनेही चालढकल केली. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभरावर मुलींना परत नेलं.

खरं वळण आलं २००२ मध्ये, आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते. सांताक्रूझच्या एका धाडीत सापडलेल्या मुलींसाठी 'प्रेरणा' ही संस्था उच्च न्यायालयात गेली. कामाठीपुऱ्यातल्या बायकांच्या मुलांसाठी ही संस्था १९८६ पासून काम करत होती. तोवर अल्पवयीन मुलगीही दंडाधिकाऱ्यापुढे उभी राहायची, आणि दलालाचा वकीलच तिच्या सुटकेचा अर्ज करायचा. सुटका कुणाच्या हाती, हे उघड होतं. न्यायालयाने बजावलं, की अठरा वर्षांखालच्या मुलीवर दंडाधिकाऱ्याचा अधिकार चालत नाही. वय आधी ठरवा आणि तिला बालकल्याण समितीकडे पाठवा. रस्त्यावर गिऱ्हाईक शोधताना सापडली तरी ती संरक्षणाची गरज असलेलं मूलच. चौकशीशिवाय तिला कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही, अगदी आईबापांच्याही. आणि कुंटणखानेवाल्याच्या वकिलाने त्याच खटल्यात तिच्या वतीने उभं राहायचं नाही. माझ्या मते हा शेवटचा आदेश सगळ्यांत मोलाचा, कारण विकणाऱ्याची साखळी न्यायालयाच्या दारापर्यंत पोचते हे त्यात मान्य केलेलं आहे.

२००८ मध्ये मुंबईत अनैतिक व्यापाराच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालय आलं, २०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा. आता वकिलाला मुलीला थेट प्रश्न विचारता येत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फतच जातात. आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत तिची साक्ष नोंदवावी, असंही कायदा म्हणतो.

हे तीस दिवस किती खटल्यांत पाळले जातात? साक्ष लांबली की मुलगी बालगृहातून घरी जाते, लग्न होतं, आणि परक्या शहरातलं समन्स तिच्या सासरी पोचतं. कोणती मुलगी त्या समन्सवर निर्धास्त निघेल? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तस्करीतल्या मुलांना आपल्याच जिल्ह्यातून व्हिडिओद्वारे साक्ष देण्याची पद्धत मंजूर केली. प्रत्येक जिल्हा न्यायालयात अशा साक्षीसाठी खोली आणि मुलीजवळ बसणारं विश्वासाचं माणूस मिळालं पाहिजे, आणि ही सोय ती घरी परतण्याआधी तयार हवी.