सिरॅमिकमधून वाट काढणारा ऑक्सिजन

भोक नाही, चीर नाही, पाण्याचा थेंबही झिरपणार नाही अशा घट्ट सिरॅमिकमधून ऑक्सिजन वाट काढू शकतो. त्यासाठी ते सिरॅमिक नुसते तापवावे लागते. पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या जवळजवळ प्रत्येक गाडीत हा प्रकार रोज घडतो, आणि ज्या भागात तो घडतो तो भाग घरच्या पार्किंगमध्ये, एका पान्याने, आपल्याला स्वतः बदलता येतो. हा भाग म्हणजे ऑक्सिजन सेन्सर.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून जास्त झाली की मिश्रण ‘लीन’, कमी पडली की ‘रिच’. पुढे बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला या आकड्यापासून थोडेही ढळलेले चालत नाही. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या पातळ थरावर त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन जाळायचे असते, आणि त्याच वेळी नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन काढूनही घ्यायचा असतो. एका कामाला ऑक्सिजन हवा, दुसऱ्याला तो नको. दोन्ही कामे एकदम साधतात ती फक्त १४.७ च्या आसपासच्या अगदी अरुंद पट्टीत. त्या पट्टीत इंजिनाला धरून ठेवायचे, तर जळून झाल्यावर धुरात किती ऑक्सिजन उरला हे क्षणोक्षणी कोणीतरी सांगायला हवे.

ते सांगणाऱ्या पदार्थाची कहाणी मोटारींपासून नव्हे, दिव्यापासून सुरू होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळून एक दिवा बनवला. त्याची कांडी थंड असताना वीज वाहू देत नसे. आधी ती तापवावी लागे, मग ती लख्ख उजळे. दिवा म्हणून ही अडचणच होती आणि टंगस्टनच्या तारेपुढे तो टिकला नाही. पण कांडी तापल्यावर आत काय होत होते पाहा. झिर्कोनियमच्या जागी यिट्रियम बसला की स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. नाट्यगृहाच्या भरलेल्या रांगेत एकच खुर्ची मोकळी असली, की शेजारचा तिथे सरकतो, मग त्याच्या जागी त्याच्या शेजारचा, तसे ऑक्सिजनचे आयन एकेक जागा सरकत जातात. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर ही हालचाल उपयोगी पडण्याइतकी वाढते.

आता याच सिरॅमिकची लहानशी टोपी करा, दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सच्छिद्र थर द्या, बाहेर धूर आणि आत साधी हवा ठेवा. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, धुरात कितीतरी कमी. आयनांना जास्तीकडून कमीकडे जायची ओढ लागते, आणि त्या ओढीतून दोन थरांमध्ये व्होल्टेज तयार होते. ते किती असेल हे सांगणारे समीकरण नेर्न्स्ट यांनीच १८८९ मध्ये मांडले होते. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांत प्रथम बसला, तोही कॅलिफोर्नियाच्या कडक प्रदूषण नियमांसाठी.

मला सगळ्यात थक्क करतो तो या व्होल्टेजचा हिशेब. सेन्सर ७०० अंशांवर असेल तर दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या प्रत्येक दसपट फरकामागे जेमतेम ०.०५ व्होल्ट मिळतात. मिश्रण लीन असताना सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे फरक शंभरपटीच्या घरातला. मिश्रण किंचित रिच झाले की तोच सेन्सर ०.९ व्होल्टवर उडी मारतो. म्हणजे दहाने गुणण्याच्या सुमारे १८ पायऱ्या! उरलासुरला ऑक्सिजन प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडशी आणि हायड्रोजनशी संयोग पावून जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून ही उडी. इतक्या नगण्य ऑक्सिजनची दखल बॉनेटखालच्या धगीत, खड्ड्यांच्या धक्क्यांत घेतली जाते. इंजिनाचा संगणक ०.४५ व्होल्टची रेषा धरून बसतो. सेन्सर वर गेला की इंधन जरा कमी, खाली आला की जरा जास्त, आणि हे अखंड चालू. नव्या अनेक गाड्यांत याहून पुढचा, ‘वाइडबँड’ सेन्सर असतो, पण त्याच्या पोटातही हेच सिरॅमिक आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात एक जवळचा धागा सापडेल. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे एक किलो इथेनॉल जाळायला सुमारे ९ किलोच हवा पुरते. टाकीत २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पडले की जुन्या हिशेबाने मिश्रण लीन होते, सेन्सरला ते धुरातून कळते, आणि संगणक इंधन वाढवतो. टाकीत काय ओतले हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

सेन्सर खराब झाला की चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, अ‍ॅव्हरेज घसरते, कधी पिकअप मरतो. पण दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर विकत आणू नका. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला साधा ओबीडी स्कॅनर जोडून कोड वाचा. पी ०१३५ आला तर पहिल्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष आहे (नेर्न्स्टच्या कांडीसारखा हाही तापल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो). आधी फ्यूज पाहा. मग कपलर सोडवून हीटरच्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावा. बहुतेक सेन्सरमध्ये त्या दोन्ही एकाच रंगाच्या असतात. काही ओहम दाखवले तर हीटरची तार शाबूत, काहीच दाखवले नाही तर ती जळाली. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन. इथे सेन्सर बहुधा खरे बोलत असतो, आणि दोष फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपचा, थकलेल्या फ्युएल पंपाचा किंवा सेन्सरच्या आधी फुटलेल्या एक्झॉस्टचा असू शकतो. तिथे सेन्सर बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

खात्री झाल्यावर काम सोपे आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांत पहिला सेन्सर बॉनेट उघडताच मॅनिफोल्डवर, पत्र्याच्या कव्हरमागे दिसतो. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर, गाडीखाली असतो. तिथे जायचे तर गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा. एक्झॉस्ट हाताला सोसेल इतपत कोमट असताना आटे लवकर सुटतात. पाना बहुधा २२ नंबरचा लागतो, आणि वायर जाण्यासाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. नवा सेन्सर आधी हाताने फिरवून बसवा, मग कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने आवळा. टोकाला बोट, तेल, ग्रीस काहीही लागू देऊ नका. आसपास सिलिकॉनचा सीलंट तर वापरूच नका, त्याच्या वाफेने प्लॅटिनमवर काचेसारखा थर चढतो. शिसे तसेच घातक. शिसेयुक्त पेट्रोल देशातून २००० साली हद्दपार झाले नसते तर हे सेन्सर इथे टिकलेच नसते.

आणि वायर कापून सोल्डर करू नका. आतल्या बाजूला लागणारी ताजी हवा अनेक सेन्सर आपल्या वायरींच्या बारीक तारांमधल्या फटींतून घेतात. सोल्डरने ती वाट बुजते आणि नवाकोरा सेन्सर चुकीचे आकडे देऊ लागतो. म्हणून थोडे जास्त पैसे पडले तरी आपल्या मॉडेलचा, तयार कपलर असलेलाच सेन्सर घ्या.

काम झाल्यावर कोड पुसा. पण नवा सेन्सर चढवण्याआधी जुन्याचे टोक उजेडात नीट बघा. काळी, कोरडी काजळी असेल तर इंजिन रिच चालत होते. पांढरट थर असेल तर सिलिकॉन किंवा सिलिंडरमध्ये झिरपणाऱ्या कूलंटवर संशय घ्या. मूळ दोष काढल्याशिवाय नवा बसवलात, तर तोही लवकरच तसाच होईल.