एकदा वापरायचे प्लास्टिक घरातून कमी कसे करावे?

एकदा वापरून फेकून देण्यासाठीच बनवलेल्या प्लास्टिकच्या वस्तूंना एकल-वापर प्लास्टिक म्हणतात. भाजीची पातळ पिशवी, शाम्पूची पुडी, पार्सलचा डबा, स्ट्रॉ आणि वेफर्सचे पाकीट ही त्याची रोजच्या पाहण्यातली रूपे. बादली किंवा खुर्चीही प्लास्टिकचीच असते, पण ती वर्षानुवर्षे कामी येते. भाजीची पिशवी मात्र मंडईपासून घरापर्यंतच वापरली जाते आणि नंतर पिढ्यान् पिढ्या मातीत पडून राहू शकते. वापराचा काळ आणि टिकण्याचा काळ यांतली ही तफावत हेच प्रश्नाचे मूळ आहे.

पिशव्यांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन १९३३ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले. त्यातील कार्बनच्या लांबलचक साखळ्या तोडणे जमिनीतल्या सूक्ष्मजीवांना फारसे जमत नाही. उन्हाने त्याचे तुकडे पडतात, पण ते नाहीसे होत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान झालेल्या अशा कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ते नद्यांत, समुद्रात, माशांत आणि माणसाच्या रक्तातही आढळले आहेत. १९५० मध्ये जगात सुमारे वीस लाख टन प्लास्टिक तयार होत असे. आता हा आकडा वर्षाला चाळीस कोटी टनांवर गेला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०२०-२१ या वर्षात भारतात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिकचा कचरा निर्माण झाला.

पुनर्वापराच्या कारखान्यात हे सगळे पुन्हा उपयोगी पडत असेल, असा अनेकांचा समज असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत निर्माण झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम नऊ टक्क्यांचा पुनर्वापर झाला होता, बारा टक्के जाळला गेला आणि उरलेला कचराभूमीत किंवा उघड्यावर गेला. असे का होते, ते भंगाराच्या दुकानात कळते. पाण्याची बाटली, तेलाचा कॅन आणि दुधाची पिशवी यांना भाव मिळतो. वेफर्सच्या पाकिटात आणि शाम्पूच्या पुडीत वेगवेगळ्या प्लास्टिकचे, कधी अॅल्युमिनियमचेही, पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून त्यांना गिऱ्हाईक नसते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातून पुढे आलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. वेचकांच्या कमाईचा एक भाग भंगार विकून येतो. ज्याला भाव नाही, ते प्लास्टिक साहजिकच कचरा डेपोत जाते.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष वेधले ते २६ जुलै २००५ च्या पुराने. मुंबईत सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी न ओसरण्याच्या कारणांत नाले आणि गटारे तुंबवणाऱ्या पिशव्यांचाही समावेश होता. त्यानंतर ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर राज्याने बंदी घातली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने जाडी कितीही असो, सर्वच प्लास्टिक कॅरीबॅगवर आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, पेले, ताटल्या, सजावटीचे थर्माकोल आणि मिठाईच्या खोक्यांवरचे वेष्टन अशा वस्तू देशभर बंद झाल्या. कारखान्यात भरलेली पाकिटे आणि पुड्या मात्र या बंदीत नाहीत. त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

बंदी आली की बाजारात पर्याय येतात, आणि त्यांपैकी बरेच फसवे असतात. कापडासारखी दिसणारी रंगीत ‘नॉन-वोव्हन’ पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचीच असते. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो; चंदेरी द्रोणावरही तसाच पापुद्रा असतो. ‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या पिशव्या साधारण ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या औद्योगिक खत प्रकल्पात कुजतात, नाल्यात किंवा परसातल्या खड्ड्यात तशा कुजतीलच असे नाही. नवी कोरी सुती पिशवीही आपोआप निर्दोष ठरत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालानुसार, हवामानावरील परिणामाचा हिशेब केल्यास सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती एकदा वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापसाच्या शेतीला आणि सूतगिरणीला लागणारे पाणी, खत आणि वीज हे त्याचे कारण. तेव्हा फेकण्याची सवय तशीच ठेवून नुसता पदार्थ बदलल्याने थोडेच साधते. जी वस्तू घरात आहे, तीच पुन्हा पुन्हा वापरणे हा खरा उपाय आहे.

त्याची सुरुवात बाजारहाटापासून होते. जुनी साडी, चादर किंवा पँट यांची शिवलेली पिशवी नव्या पिशवीपेक्षा सरस, कारण तिच्यासाठी नवा कापूस लागत नाही. ती गाडीच्या डिकीत किंवा ऑफिसच्या बॅगेत कायम असली, तर दुकानात पोचल्यावर पंचाईत होत नाही. मासळी, मटण, दही आणि पनीर यांसाठी झाकणाचा डबा न्यावा. डाळी, तांदूळ, गूळ आणि शेंगदाणे वाण्याकडून सुटे घेतले, तर पाकिटे टळतात. बाहेर पडताना स्टीलची बाटली सोबत असावी. जेवण मागवण्याऐवजी स्वतः जाऊन आणायचे असेल, तर डबा नेता येतो. मुंबईचे डबेवाले १८९० पासून रिकामा डबा परत नेण्याच्या याच पद्धतीवर चालत आले आहेत.

न्हाणीघरात शाम्पूच्या पुड्यांऐवजी मोठी बाटली आणि द्रवरूप साबणाऐवजी साबणाची वडी पुरते. बाजारातल्या बऱ्याच सॅनिटरी पॅडमध्ये प्लास्टिकचे थर असतात. ज्यांना सोयीचे वाटेल, त्यांच्यासाठी कापडी पॅड किंवा अनेक वर्षे टिकणारा मेन्स्ट्रुअल कप आहे. लग्न, मुंज आणि भंडारा यांत कचरा एका दिवसात साचतो. तिथे भाड्याची स्टीलची ताटे, केळीची पाने किंवा पळसाच्या पानांच्या साध्या पत्रावळी वापरता येतात. पाहुण्यांसाठी बाटल्यांच्या खोक्यांऐवजी पिंप आणि पेले ठेवावेत.

एवढे करूनही काही प्लास्टिक घरात येतेच. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये. सुटलेला चिमुकला तुकडा कोणाच्या हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून भंगारात द्यावी. खरकट्याने माखलेल्या प्लास्टिकला भाव मिळत नाही. ओला कचरा पिशवीत बांधून फेकू नये. गुरे अन्नासह पिशवी गिळतात, ती त्यांच्या पोटात साठते आणि जनावर दगावू शकते. पाणी तापवायच्या बंबात किंवा चुलीत प्लास्टिक घालणे सर्वांत घातक. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात.

घरातल्या काटकसरीला मर्यादा आहेत. बिस्किटे कशात भरायची, हे ग्राहक ठरवत नाही. तिथे उत्पादकांची जबाबदारी काटेकोरपणे राबवणे, एकाच प्रकारच्या प्लास्टिकची वेष्टने बनवणे आणि बाटली परत दिल्यावर अनामत रक्कम मिळणे हे उपाय लागू पडतात. २०१८ च्या नियमांत दुधाच्या पिशवीसाठी पन्नास पैशांच्या अनामतीची तरतूद होती, पण ती पद्धत रुळली नाही. पिशवीवर शुल्क लावल्याने काय होते, हे आयर्लंडने २००२ मध्ये दाखवले: पंधरा सेंटचा कर लागताच तिथला पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला.