कोशाचा धागा आणि भरून येणारी जखम

भंडारा जिल्ह्याच्या जंगलांत येन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसला जाणारा कोसा आपण साडीच्या रूपाने ओळखतो. त्याच कोशातील फायब्रोइन नावाच्या प्रथिनाकडे संशोधक जखमेच्या उपचारासाठी आशेने पाहत आहेत, हे मात्र आपल्याकडे फारसे ठाऊक नाही.

जखम भरताना शरीर घाईत असते. जंतूंची वाट बंद करणे ही त्याची पहिली गरज. म्हणून कोलॅजनचे तंतू मूळच्या विणीप्रमाणे न गुंफता एकाच दिशेने दाटीवाटीने रचले जातात, तोच व्रण. त्यात घर्मग्रंथी नसतात, केस नसतात आणि पूर्ण भरल्यावरही त्याची ताकद मूळ त्वचेच्या फार तर ८० टक्के असते. वृद्धांच्या टाचेवरची वा माकडहाडावरची भरलेली जखम पुन्हा फुटते, त्याचे हेही एक कारण आहे.

दोडक्याच्या वेलीला मांडव मिळाला की ती नीट पसरते, नाहीतर जमिनीवर गुंता करते. जखमेत ठेवलेला सच्छिद्र पडदा हा पेशींचा मांडव होय. त्यात पेशी व रक्तवाहिन्या शिरतात आणि पडदा हळूहळू विरून जातो. अमेरिकेत बर्क आणि यानास यांनी गाय-बैलांच्या कोलॅजनचा असा पडदा भाजलेल्या रुग्णांवर वापरून १९८१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून बनवलेल्या पडद्याला २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. (अशा पडद्याचे मूळ रुग्णाला आधीच सांगावे; वयोवृद्धांच्या श्रद्धा हा किरकोळ विषय नव्हे.)

कोशाचे वैशिष्ट्य वेगळे आहे. पेशींना धरून ठेवणारी तीन अमिनो आम्लांची छोटी साखळी टसरच्या फायब्रोइनमध्ये मुळातच असते, तुतीच्या रेशमात ती नसते. खरगपूरच्या आयआयटीत प्रा. सुभाष कुंडू यांच्या प्रयोगशाळेने या प्रथिनावर दीर्घकाळ काम केले.

या मांडवावर चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, पेरल्या तर? त्या प्रामुख्याने आसपासच्या पेशींना रासायनिक संदेश देतात, दाह शमवतात, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात. प्राण्यांवरील प्रयोगांत व्रण कमी उमटल्याचे दिसले आहे. माणसांत मात्र हे अजून चाचण्यांच्या पातळीवर आहे. म्हणून जाहिरात पाहून शेतीचा तुकडा विकण्याचा विचार करू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता नसलेला स्टेम सेलचा वापर हे संशोधन ठरते आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी मागितले, तर चाचणीचे नोंदणीपत्र मागा.

आज व्रण कमी ठेवण्याचे साधन साधेच आहे: जखम लवकर भरू देणे. भाजल्याची जखम तीन आठवड्यांपलीकडे रेंगाळली की जाड, खाजरा व्रण येण्याची शक्यता वाढते. ‘उघडी ठेवा, वाळू द्या’ हा सल्ला जुना झाला. स्वच्छ, ओलसर पट्टीखाली नवी त्वचा लवकर सरकते. राख, कॉफी, टूथपेस्ट लावू नये. मधुमेह असलेल्या आजोबांनी रोवणीच्या दिवसांत बांधीत अनवाणी उतरू नये. पायाची संवेदना गेलेली असली की काटा रुतल्याचेही कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस दर दोन तासांनी बदलावी.

दर आठवड्याला त्याच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून जखमेचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मधुमेहीच्या पायाची जखम चार आठवड्यांत निम्मीही झाली नाही, तर ती छायाचित्रे घेऊन शल्यचिकित्सकांकडे जावे. काळेपणा, दुर्गंधी, पसरणारी लाली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.