बजरबट्टू कुठे गेला?



खरी कॉर्नरचा कॅमेरा तुम्ही येता-जाता पाहिला असेल. बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याची ती आठवण. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' काढली. प्रभातने एकूण सहा मूकपट केले. त्यातला १९३० चा 'राणीसाहेबा' ऊर्फ 'बजरबट्टू' हा चक्क मुलांसाठीचा गमतीदार सिनेमा! दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात बांधतात ना, तेच हे नाव. पण सिनेमाला दृष्ट लागलीच. आज तो पाहायला मिळत नाही.

असं का झालं? तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती पटकन पेट घेते, दमट हवेत चिकट होते आणि शेवटी तिची पूड होते. त्यात फिल्मवर चांदीचा अंश असतो, म्हणून जुनी रिळं चांदी काढायला विकली जायची. १९३१ ला 'आलम आरा' बोलला आणि मुक्या रिळांना गिऱ्हाईकच उरलं नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, हाताशी उरले मूठभर.

विनोदी चित्रपटांचे हाल तर जास्तच. पौराणिक चित्रपटाला निदान देवाधर्माचा मान होता. हसवणारी रिळं झिजेपर्यंत फिरवायची आणि टाकून द्यायची. म्हणून तर संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. मला विचाराल तर कारण नुसतं दुर्मिळपणाचं नाही. देवांच्या सिनेमात पडद्यावर महाल असतो, विनोदी सिनेमात रस्ता. बंगालीतला १९३१ चा 'जमाई बाबू' वाचला, म्हणून शहरात आलेल्या गावच्या जावयाच्या फजितीबरोबर तेव्हाचं कलकत्ताही आपल्याला दिसतं. आपल्या कोल्हापूरचं तसं काय काय गेलं असेल!

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी नाशिकला फाळक्यांच्या घरी जाऊन उरलीसुरली रिळं मिळवली. म्हणजे घरातल्या पेट्यांत काहीतरी सापडतं.

तेव्हा सुट्टीत मुलांना आजी-आजोबांच्या पेट्या उघडायला लावा. जाहिरात, गाण्यांचं पुस्तक, तिकिटाचा तुकडा, काहीही चालेल. फक्त जुनं रीळ मिळालं तर ते पेटवून बघू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि सरळ पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.