द व्ह्रीस : उत्तरेतून आलेल्यांचे आडनाव

नेदरलँड्समधील ‘द व्ह्रीस’ हे आडनाव मूळ प्रदेशावरून पडले आहे. त्याचा अर्थ ‘फ्रीसलँडचा माणूस’, म्हणजे फ्रिजियन. घाटावरून कोकणात आलेल्याला तिथे ‘घाटी’ म्हणावे, तसाच हा प्रकार. आपल्याच गावात कोणी कोणाला असे ओळखत नाही. त्यामुळे हे नाव आधी फ्रीसलँड सोडून हॉलंडच्या शहरांत स्थायिक झालेल्यांना चिकटले असावे.

खुद्द फ्रीसलँडमध्ये पूर्वी बापाच्या नावावरून ओळख सांगण्याची रीत होती. नेदरलँड्स फ्रेंच साम्राज्यात असताना 1811 मध्ये नेपोलियनने कायम आडनावाची नोंद सक्तीची केली. तेव्हा तिथल्याही अनेक कुटुंबांनी हेच नाव लावले. काही ज्यू घराण्यांतही ते आढळते.

2007 च्या गणनेत देशात सुमारे 71 हजार जण हे आडनाव लावत होते. द योंग आणि यान्सन यांच्यापाठोपाठ त्याचा तिसरा क्रमांक लागला. उत्तरेकडील प्रांतांत त्याचे प्रमाण विशेष आहे. डच याद्यांत ते ‘द’खाली न शोधता ‘व्ह’खाली शोधावे लागते.

उत्परिवर्तनाचा सिद्धांत मांडणारे वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस (1848–1935) हे या आडनावाचे सर्वांत ख्यातनाम धनी. स्थलांतरितांबरोबर हे आडनाव अमेरिकेतही पोचले आणि तिथे बहुधा ‘डिव्हरीज’ असे जोडून लिहिले जाऊ लागले. 1982 मध्ये रुग्णाच्या शरीरात जार्विक-7 हे कृत्रिम हृदय बसवणारे शल्यविशारद विल्यम डिव्हरीज याच आडनावाचे.