कार्डाचे देणे

सुलतानपूर हे आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात आहे. मेहकरकडून लोणारचे सरोवर पाहायला निघालेल्या मंडळींची मोटार गावावरून जाते. बहुधा ती थांबत नाही. अशा गावात राहून जवळच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मनुष्याला क्रेडिट कार्डांपायी दोन लाख चाळीस हजार रुपये देणे झाले, हे वाचून शहरातल्या वाचकांना हसू आले तर येऊ द्यावे.

देणे कशाने झाले? आजारपणाने झाले असते तर सांगायला बरे वाटले असते. तसे काही नव्हते. २०१९ साली एक टापटिपीचा तरुण आमच्या स्टाफरूममध्ये आला आणि मला ‘सर, सर’ म्हणत कार्ड देऊन गेला. वर्षभराने दुसरे आले. मग शीतकपाट, मुलीचा मोबाईल, मेहुण्याच्या लग्नातला आहेर, अशा वस्तू एकामागून एक आल्या. पाकिटातून नोटा मोजून द्यायच्या असत्या तर मी त्यांतल्या निम्म्या वस्तूंपाशी घुटमळलो असतो. कार्ड पुढे करताना बोटांना काहीच जाणवत नाही.

बिलात दोन आकडे असत. एक एकूण येणे, दुसरा ‘किमान देय रक्कम’. हा दुसरा आकडा मला फार सज्जन वाटे. तेवढा भरला की महिना निभावला, अशा समजुतीने मी दोन वर्षे काढली. त्याच बिलावर बारीक अक्षरांत इशारा असतो, की दरमहा नुसती किमान रक्कम भरत गेल्यास फेड वर्षानुवर्षे लांबेल. तो छापण्याचे रिझर्व्ह बँकेचे बँकांना बंधनच आहे. मुलांना ओळींमधला अर्थ शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने ती ओळच वाचली नाही.

सौभाग्यवतींना यातले काही ठाऊक नव्हते, हे इथे लिहायलाच हवे. बिले मोबाईलवर येत. घरात कागद येत नसे.

उलगडा झाला तो आईमुळे. २०२२ च्या जूनमधली गोष्ट. मी मोबाईल ओसरीवर ठेवून अंघोळीला गेलो आणि वाजला म्हणून आईने उचलला. बाहेर आलो तेव्हा ती खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, “कोनी बाई बोलत होती. पैसे मांगत होती. कोनाचं देनं हाय रे बापू? वावर गहान टाकलं काय?”

वावराचे नाव तिच्या तोंडी का आले, ते मला कळले. थोरल्या आत्याच्या लग्नासाठी वडिलांनी दोन एकर वावर सावकाराकडे गहाण टाकले होते. ते सोडवायला नऊ वर्षे लागली. तेवढी वर्षे दिवाळीला घरात नवे कापड आले नाही, आणि सावकार दारावरून गेला की आई आत जाई. आज वडील नाहीत. मी काही बोलण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात सौ. उभी असलेली दिसली.

त्या रात्री तिने मुलीची गणिताची वही पुढे ओढली आणि मला एकेक बिल वाचायला लावले. तिने मांडलेला एक हिशेब अजून माझ्याजवळ आहे. धाकट्या कार्डाची बाकी ८०,०००. किमान रक्कम शेकडा पाच, म्हणजे ४,००० भरले, उरले ७६,०००. त्यावर दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज २,६६०. त्या व्याजावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर ४७९. पुढल्या बिलाची बाकी ७९,१३९.

“अहो,” ती म्हणाली, “चार हजार भरले आणि देणे आठशे एकसष्टच कमी झाले?”

दरमहा साडेतीन म्हणजे सरळ हिशेबाने सालाला शेकडा बेचाळीस. आणखी एक मेख होती. मागची बाकी शिल्लक असली, की नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. घेतल्या दिवसापासून व्याज सुरू होते. ‘किराणा कार्डावर घेतला तर महिना-दीड महिना पैसे वापरायला मिळतात’ हे माझे शहाणपण त्या रात्री निकालात निघाले. तूरडाळसुद्धा आम्ही बेचाळीस टक्क्यांनी खात होतो.

भाषेच्या मास्तराला अशा वेळी शब्द आठवतात. मला ‘दामदुपट’ आठवला. व्याज कोणत्याही वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करू नये, हा जुन्या हिंदू कायद्यातला नियम मुंबई इलाख्यातली न्यायालये मानीत. तरी रयत गांजली आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. त्यातून पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. दामदुपट आजही जिवंत आहे; महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात ती आहे. त्या कायद्याखाली परवानाधारक सावकाराने बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिले, तर व्याजाची कमाल मर्यादा सालाला अठरा टक्के ठरवून दिली गेली. बँकांना हा कायदा लागू नाही. कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. व्याजदराचा विचार रिझर्व्ह बँकेने करायचा, आयोगाने नव्हे, असे ठरले. ज्या सावकाराच्या भयाने आई आत जात असे, त्याच्या आजच्या परवानाधारक भाऊबंदापेक्षा माझ्या खिशातले कार्ड दुपटीहून महाग होते.

उपाय सौ.नेच काढला. तिचे पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते होते. त्यात चाळीस हजारांवर रक्कम होती आणि व्याज सात टक्क्यांच्याही आत. “सात मिळवायचे आणि बेचाळीस द्यायचे, हा कुठला धंदा?” असे म्हणून तिने ते मोडले. उरलेल्या दोन लाखांसाठी नोकरदारांच्या पतसंस्थेकडे जायचे ठरले. व्याज अकरा टक्के, मुदत तीन वर्षे, हप्ता सुमारे साडेसहा हजार. दोन्ही कार्डांचे नुसते व्याज करासकट महिन्याला दहा हजारांच्या घरात जात होते. इथे मुद्दलासकट साडेसहा.

पण पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात. जामीन मागायचा म्हणजे कारण सांगणे आले. दोन दिवस मी फॉर्म पिशवीत घालून हिंडलो. ज्या प्राध्यापक मित्राबरोबर वीस वर्षे चहा घेतला, त्याने ‘घरी विचारून सांगतो’ म्हटले आणि नंतर तो विषय काढला नाही. त्याला दोष देत नाही. मीही कदाचित तेच केले असते. दुसऱ्या एका सहकाऱ्याने सही दिली, पण सोबत अर्धा तास उपदेश दिला. दुसरी सही मिळाली ती ऑफिसातल्या कनिष्ठ लिपिकाची. कारण न विचारता त्याने खिशातले पेन काढले. सही झाल्यावर एवढेच म्हणाला, “सर, माझंही होतं. मागल्या वर्षी मिटलं.”

पैसे हाती येताच दोन्ही कार्डांची पूर्ण बाकी एका दिवशी भरली. एक कार्ड ठेवायचे, अडीअडचणीला असावे, असे मी सुचवून पाहिले. सौ.ने उत्तर दिले नाही, तेव्हा दोन्ही बंद करण्याचे अर्ज केले. बाकी काही नसेल तर बँकेने असा अर्ज सात कामाच्या दिवसांत निकालात काढावा लागतो. आमचे काम पाचव्या दिवशी झाले. त्यानंतर तीन वर्षे हप्ता पगारातून परस्पर कापून जाई. मुलीला लॅपटॉप हवा होता. तिने कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर भागवले. तिच्याकडे पाहताना मला जुन्या, नवे कापड नसलेल्या दिवाळ्या आठवत.

शेवटचा हप्ता २०२५ च्या जुलैत गेला. बंद झालेली कार्डे तोवर डब्यात पडून होती. सौ.ची कात्री काही सापडेना, तेव्हा आईने पानाच्या चंचीतून अडकित्ता काढला, सुपारी कातरावी तसे दोन्हींचे तुकडे केले आणि विचारले, “त्या बाईचे फिटले ना सारे?”

फिटले म्हणून सांगितले. मग तिने अडकित्ता पदराला पुसून चंचीत ठेवला.